आईंचा समुद्र आणि फॅक्टरीचा भोंगा

आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत किस्से फार साचतात, आणि त्याचं कारण साधं आहे. फॅक्टरी लष्कराची, त्यामुळे तिथे काय बनतं, किती बनतं, कुठे जातं, यातलं अक्षरही घरी बोलायचं नाही असा नियम आहे. जबलपुरात पानवाल्यापासून सगळ्यांना ते ठाऊक असतं, ती गोष्ट वेगळी. पण आठ तास बंद ठेवलेलं तोंड घरी आल्यावर कुठे तरी उघडायला हवं. म्हणून फॅक्टरी सोडून बाकी सगळं इथे बोललं जातं, आणि पहिल्या क्वार्टरातली गोष्ट चौथ्यापर्यंत पोचते तेव्हा तिचा किस्सा झालेला असतो.

मी इथे सून होऊन आले त्याला अजून वर्ष व्हायचंय. मी कमी बोलते, त्यामुळे लोक माझ्यासमोर जास्त बोलतात. शेजारच्या भालेराव काकू म्हणतात, "पोरगी मुकी नाही, साठवून राहिली." खरं आहे. आज त्यातलं थोडं काढते.

* * *

आमचं पाहणं नागपुरात, माझ्या मामाच्या घरी झालं. माहेर माझं हर्णैचं, दापोलीखालच्या समुद्रकाठचं, सासर जबलपूरचं, नागपूर त्यातल्या त्यात सोयीचं. शिवाय सासऱ्यांना फॅक्टरीतून दोनच दिवसांची रजा.

मामीने मला सगळं पढवून ठेवलं होतं. स्वयंपाक काय येतो, शिवण येतं का, मॅट्रिकला मार्क किती. मी मनात उजळणी करत पोह्यांच्या बश्या ठेवल्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, बशी बाजूला सारली आणि विचारलं, "तुमच्या घरातून समुद्र दिसतो म्हणे?"

"मागच्या पडवीतून दिसतो."

"बसल्या बसल्या?"

"झोपाळ्यावर बसलं की दिसतो."

सासूबाई सासऱ्यांकडे वळल्या. "पोरगी आपल्याला पसंत आहे," म्हणाल्या.

ज्यांचं लग्न होतं त्यांनी तोवर मान वर करून मला पाहिलंही नव्हतं.

* * *

लग्नही नागपुरातच झालं. कार्यालयाच्या मागे एक कापडगिरणी होती, याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं.

वऱ्हाड सगळं फॅक्टरीचं. सासरे, म्हणजे बाबा, इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये. बनलेला प्रत्येक भाग मापात आहे की नाही ते बघून पास-नापास करणारे. आमचे हे ड्रॉइंग ऑफिसात. भालेराव काका मशीन शॉपमध्ये चार्जमन. बाकीचेही तसलेच. ही माणसं भोंग्याने उठतात, भोंग्याने कामाला जातात आणि भोंग्याने घरी येतात. घड्याळ असतं, पण ते भोंगा बरोबर झाला की नाही हे तपासण्यापुरतं.

पंगतीत श्रीखंड वाढून झालं. पहिला घास तोंडाशी जातोय तोच मागच्या गिरणीचा भोंगा झाला. वऱ्हाडातले सगळे पुरुष एकदम उठून उभे राहिले. कोणी चपला शोधतोय, कोणी खिशात सायकलची किल्ली चाचपतोय.

माझ्या मामाचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाटलं, मानपानात काही तरी राहिलं. हात जोडून धावत आला आणि काय चुकलं असेल ते पदरात घ्या, पण पानावरून उठू नका, म्हणून विनवू लागला.

बाबा भानावर आले. पण चूक झाली असं म्हणणं इन्स्पेक्शनवाल्याला जड जातं. ते अगदी शांतपणे म्हणाले, "काही नाही. श्रीखंड उभ्यानं कसं लागतं ते पाहून राहिलो होतो."

आणि खाली बसून जेवू लागले. या सगळ्या गोंधळात जेवत राहिल्या त्या एकट्या सासूबाई. त्यांची तोवर एक वाटी संपली होती.

* * *

आता सासूबाईंचा, म्हणजे आईंचा समुद्र.

आई जन्मल्या जबलपुरात, वाढल्या जबलपुरात. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या अमलात चाकरीला म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. नर्मदा त्यांनी पोटभर पाहिली, समुद्र मात्र कधीच नाही. लग्नात बाबांनी मोठ्या उत्साहात कबूल केलं होतं की पहिल्या सवडीला समुद्र दाखवतो. फॅक्टरीवाल्याची सवड!

वीस वर्षं मुलं, आजारपणं, दिराच्या मुंज-लग्नांत गेली. मग एका दिवाळीला खरोखर तिकिटं काढली, होल्डॉल बांधला, डबाभर बेसनाचे लाडू केले. आणि चीनची लढाई सुरू झाली. रजा रद्द, सगळ्यांना ओव्हरटाइम. बाबांना फार वाईट वाटलं. एका रविवारी सकाळी त्यांनी आईंना भेडाघाटला नेलं आणि धुआंधारच्या धबधब्यासमोर उभं करून म्हणाले, "हेही पाणीच आहे."

आईंनी लाडू तिथेच संगमरवरी खडकांवर बसून वाटले.

पासष्टला पुन्हा तिकिटं, पुन्हा होल्डॉल, पुन्हा लाडू. पुन्हा लढाई, पुन्हा ओव्हरटाइम, पुन्हा भेडाघाट. तेव्हापासून आईंचं एक वाक्य आमच्या लाइनीत प्रसिद्ध आहे. कोणी पेपरातल्या मोठमोठ्या गोष्टी बोलायला लागलं की त्या म्हणतात, "मला राजकारण समजत नाही, बापा. एक ट्रिप चीननं खाल्ली, एक पाकिस्ताननं. माझा हिशोब एवढाच आहे."

मी आले तेव्हा त्यांचे गुडघे धरायला लागले होते. पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागायचा. एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या, "समुद्र काही कुठं जात नाही. गुडघे मात्र जाऊन राहिले."  रात्री मी यांना सांगितलं की यंदा जायचं.

* * *

हे बाबांशी बोलले आणि डिसेंबरात हर्णैला जायचं ठरलं. आम्ही चौघं आणि भालेरावांची चौघं. बाबांनी मोठा कागद घेतला, आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि रोज संध्याकाळी मला समोर बसवून माझ्या गावाची तपासणी सुरू केली.

"तुमच्याकडे पाहण्यासारखं काय काय आहे? एक एक सांग."

मी सांगायची. समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला, होडीतून जायचं. काठावर कनकदुर्ग, तिथे दीपस्तंभ. बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव. तरीतून खाडी ओलांडली की आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. आसूदला पोफळीच्या बागांतून वर चढलं की केशवराजाचं देऊळ. मुरूडची लांबलचक पुळण, लेकरांना पळायला.

प्रत्येक नावाला ठरलेले प्रश्न होते. लेकरांना जमेल? वयस्कर बाईला जमेल? सावली आहे? प्यायचं पाणी? मग शेवटच्या रकान्यात शेरा. मुरूडची पुळण, पास. सुवर्णदुर्ग, होडीवाल्याची खात्री करून पास. मासळीचा लिलाव, भालेराव काकूंना वास सहन होत नाही म्हणून रिजेक्ट. मग भालेराव काकांनी अपील केलं म्हणून पुरुषांपुरता पास.

केशवराजापाशी बाबा अडले. "पायऱ्या किती?"

"पुष्कळ आहेत. पण वर गोमुखातून गार पाणी येतं, दमल्याचं वाटत नाही."

बाबांनी बराच वेळ विचार केला आणि दुरुस्तीला परत धाडायच्या भागावर मारतात तो शेरा लिहिला: रीवर्क.

चूल सारवता सारवता आईंनी विचारलं, "रीवर्क म्हणजे काय करतील? देव खाली आणतील?"

* * *

त्याच कागदावर बाबांनी एक रकाना भरती-ओहोटीसाठी ठेवला होता. त्यांनी मला भरतीची वेळ विचारली.

मी म्हटलं, वेळ अशी एक नसते. आज ज्या वेळेला भरती येते, उद्या त्याच्या साधारण पाऊण तास उशिरा. परवा आणखी पाऊण तास. आमच्याकडे लोक तिथीवरून काढतात.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. तीस वर्षांच्या नोकरीत ते एकदाही लेट झाले नव्हते. "रोज पाऊण तास लेट?"

"हो."

"रोज? आणि त्याला कोणी मेमो देत नाही?"

त्यांनी तो रकाना कोराच ठेवला. माझ्यावर अविश्वास होता असं नाही. समुद्राच्या वर्तणुकीबद्दल एवढं वाईट ऐकायची त्यांची तयारी नव्हती, इतकंच.

* * *

पलीकडच्या क्वार्टरमधल्या दुबे भाभींनी ट्रिपचं ऐकलं आणि एक रिकामी बाटली आणून दिली. काशीहून गंगाजल आणतात तसं समुद्राचं पाणी हवं होतं. "बहू, भूलना नहीं. थोड़ा समुंदर हमारे लिए भी."

हा किस्सा मध्येच संपवून टाकते, कारण पुढे जागा नाही. बाटली मी भरून आणली, बूच लावून दिली. भाभींनी ती देवघरात ठेवली. पंधरा दिवसांनी त्या आमच्या दारात आल्या, जरा नाराज होत्या.

"बहू, पानी तो असली है ना? इसमें लहर एक दिन भी नहीं आई।"

* * *

तर एकाहत्तरचा डिसेंबर उजाडला. होल्डॉल खाली काढून झाला होता. लाडूंचं बेसन भाजताना आईंनी मला जवळ बसवलं, डबा कसा भरायचा ते दाखवलं. आणि त्याच आठवड्यात लढाई सुरू झाली.

आमच्या घरी लढाईची बातमी रेडिओवरून कळत नाही. बाबा सकाळी निघताना म्हणतात, "डबे दोन भर." दुसरा डबा म्हणजे ओव्हरटाइम. आई फळीवरून दुसरा डबा काढतात, पुसतात आणि पोळ्यांची कणीक दुप्पट मळतात.

त्या संध्याकाळी बाबा सायकल भिंतीला टेकवून दारातच उभे राहिले. काय सांगायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आईंनी होल्डॉलचे पट्टे केव्हाच सोडले होते. अंथरुणं जागेवर गेली होती. लाडूंचा डबा ओट्यावर होता.

"ह्या रविवारी भेडाघाट..." बाबांनी सुरुवात केली आणि थांबले. "रविवारीबी ड्यूटी आहे."

आईंनी एक लाडू बशीत ठेवून त्यांच्यापुढे केला. "मग इथंच बसून खा. धबधबा तरी काहून पाहायचा दर वेळेस?"

मी हसले नाही. बाबाही हसले नाहीत. त्यांनी लाडू खाल्ला, हात धुतले, आणि तो रेघांचा मोठा कागद घडी करून ट्रंकेत ठेवला. फाडला नाही. ते मी पाहून ठेवलं.

* * *

लढाईच्या दिवसांत लाइनीतल्या सगळ्या बायका जवानांसाठी लोकर विणत होत्या. माझ्या मोज्याला टाच येईना, म्हणून मला लोकरीचे गुंडे करायला बसवलं होतं. आईंनी मात्र आठ दिवसांत एक सुरेख निळा मफलर पुरा केला.

गोळा करायला आलेल्या बाईंनी गठ्ठा बांधताना पाहिलं, तर मफलरला सुईदोऱ्याने एक चिठ्ठी शिवलेली. आईंनी यांच्याकडून हिंदीत लिहून घेतली होती: हा मफलर नेव्हीवाल्यालाच द्यावा. समुद्र कसा आहे ते कळवावे. खाली आमचा पत्ता.

बाईंनी सांगून पाहिलं की कोणाला काय जाईल ते आपल्या हातात नसतं. आई म्हणाल्या, "तुमच्या हातात नसू द्या. चिठ्ठी राहू द्या."

जानेवारीत पोस्टकार्ड आलं. कुणा जवानाचं होतं, राजस्थानातून. आईंनी मला मोठ्याने वाचायला लावलं.

"माताजी को प्रणाम. मफलर बहुत गरम है. आपने समुंदर का पूछा है. यहाँ चारों तरफ रेत ही रेत है, इसका मतलब समुंदर का किनारा तो आ गया है. पानी दिखते ही लिखूँगा."

ते कार्ड आईंनी देवाच्या फोटोमागे ठेवलं आहे.

* * *

लढाई थांबली तरी ओव्हरटाइम लगेच थांबत नाही. फेब्रुवारीत कुठे रजेचे अर्ज घ्यायला लागले. त्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. त्यात लग्न, आजारपण, घरचं कार्य, असलं काही तरी लिहायचं असतं.

बाबांनी लिहिलं: पत्नीला समुद्र दाखवणे.

अर्ज परत आला. हे कारण बसत नाही. भालेराव काकांनी स्वतःच्या अर्जात मेहुणीचं लग्न लिहून रजा मिळवलीसुद्धा होती. मेहुणीला दोन मुलं आहेत. त्यांनी बाबांना खूप समजावलं, आईंची तब्येत लिहा, गुडघे दुखतातच की. आमचे हेही तेच म्हणाले. बाबा ऐकेनात. जे नाही त्यावर आपण तीस वर्षांत सही केली नाही, म्हणाले. आणि आत येऊन आईंना सांगितलं, "कारण खोटं लिहिलं तर समुद्रबी खोटा दिसेल."

त्यांनी ट्रंक उघडली. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज तेच कारण लिहून पुन्हा नेला, आणि त्याला दोन जुने अर्ज टाचले. एक चीनच्या वेळचा, एक पासष्टचा. दोन्हींवर 'रद्द'चा शिक्का. कारण दोन्हींवर तेच, त्याच अक्षरात.

साहेबांनी म्हणे तिन्ही कागद दोनदा वाचले. वर पाहिलं. सही केली आणि अर्ज पुढे सरकवत म्हणाले, "जल्दी हो आइए. अगली छिड़ने से पहले।"

* * *

प्रवासात बाबांनी एक अट घातली होती. आईंनी समुद्र पहिल्यांदा पाहायचा तो पडवीतल्या झोपाळ्यावरून, जसं पाहण्याच्या दिवशी बोलणं झालं होतं. म्हणून मुंबईला जायचंच नाही, कल्याणला उतरून एस.टी. धरायची.

गाडीभर आई खिडकीशी. पाणी दिसलं की विचारायच्या, "हा?"

"ही खाडी." पुढे, "ही सावित्री नदी." पुढे, "ही जगबुडी." प्रत्येक वेळी बाबा मागच्या सीटवरून म्हणायचे, "रिजेक्ट."

दापोली मागे पडली, आसूदचा उतार संपला, आणि माडांमधून तो दिसला. दुपारचा, चकाकणारा. नऊ महिन्यांनी मी त्याला पाहत होते.  मी आईंकडे वळले. आख्खी एस.टी. आईंकडे वळली, कारण एव्हाना कंडक्टरपासून सगळ्यांना किस्सा माहीत झाला होता.

आई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या.

"उठवू नको," बाबा हळूच म्हणाले. "पडवीतूनच ठरलंय."

घरी पोचल्यावर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, पायांवर पाणी घातलं. माझ्या आईने गुळपाणी दिलं. मग मी सासूबाईंना हाताला धरून मागच्या पडवीत नेलं, झोपाळ्यावर बसवलं. समोर सुवर्णदुर्ग, आणि त्याच्या चारी बाजूंनी तो.

 आई दोन्ही हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "नर्मदे हर!"

माझे वडील हर्णैचे. समुद्राला कोणी असा नमस्कार घातलेला त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. ते गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. आईंच्या ते लक्षात आलं.

"बरोबर आहे नं," आई म्हणाल्या. "मैया इकडंच तर येते. ती रोज येते. मला तीस वर्षं लागली."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा घड्याळ घेऊन पुळणीवर जाऊन बसले. साडेआठला होड्या पाण्यावर तरंगल्या. बाबांनी ते कोऱ्या रकान्यात पेनाने लिहिलं. मी म्हटलं, उद्या साडेआठला नाही तरंगणार. ते म्हणाले, बघू.

तिसऱ्या दिवशी बरोबर साडेआठला बाबांनी आम्हा सगळ्यांना होडीत बसवलं. भालेरावांची मुलं पुढे, आई मध्ये उशीवर, पाण्याचा तांब्या, छत्र्या. होडी कोरड्या वाळूत होती. पाणी पंचवीस पावलं लांब. येणारे-जाणारे कोळी थांबून बघत होते. होडीचा तांडेल किनाऱ्यावर विडी ओढत बसला होता. बाबांनी त्याला आपलं घड्याळ दाखवलं.

तो म्हणाला, "बसा, बसा. ह्याला घड्याळ न्हाई. येईल तो."

पाऊण तास आम्ही वाळूतल्या होडीत छत्र्या उघडून बसलो. लाट होडीला लागली तेव्हा बाबांनी घड्याळ पाहिलं, साडेआठवर काट मारली आणि समोर लिहिलं: सूनबाई बरोबर.

किल्ल्यावर पोचल्यावर मात्र त्यांचा मूड बदलला. दरवाज्यातल्या पायरीवर कोरलेलं कासव पाहिलं, तटाचे दगड हाताने चाचपले. खिशातली लहान स्टीलची पट्टी काढून दोन दगडांच्या सांध्यात घालून पाहिली. पट्टी आत जाईना. पुन्हा दुसरीकडे घालून पाहिली. तिथेही जाईना. दोनशे-तीनशे वर्षं लाटा खाल्लेल्या त्या तटावर त्यांनी हात ठेवला आणि भालेराव काकांना म्हणाले, "भालेराव, हे ज्यानं पास केलं ना, तो माणूस आमच्या सेक्शनचा."

* * *

शेवटच्या दिवशी दुपारी सगळे पुळणीवर होतो. मुलं किल्ले करत होती, भालेराव काकू शिंपले वेचत होत्या. बाबा, काका आणि हे विजारी दुमडून घोटाभर पाण्यात उभे होते, आणि त्यांच्याबरोबर जबलपुरातल्या फॅक्टरीतून रिटायर होऊन दापोलीला राहायला आलेले बाबांचे जुने सहकारी जोशी, मुद्दाम भेटायला आलेले.

आई पाण्यात बसल्या होत्या. सकाळी त्यांना शोध लागला होता की ओल्या वाळूत बसलं आणि कमरेपर्यंत लाट आली की गुडघे दुखत नाहीत. मग त्या उठल्याच नव्हत्या. लुगड्याचा काष्टा खोवलेला, अंबाडा सुटलेला. लाट आली की दोन्ही हातांनी तिला घ्यायच्या, गेली की पुढच्या लाटेची वाट पाहायच्या. बाबा दोनदा सांगून गेले होते की सामान बांधायचं आहे, पाचची एस.टी. आहे, कागदावर तसं लिहिलं आहे.

मुंबईची बोट तेवढ्यात किल्ल्यापलीकडून पुढे आली, बंदरासमोर थांबली आणि तिने भोंगा दिला. लांब, जाड, पोटातून आलेला.

चारही पुरुष एकदम वळले. बाबांचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला. काका चपलांकडे निघाले. हे विजारीच्या दुमडी सोडू लागले. रिटायर होऊन चार वर्षं झालेले जोशी सगळ्यांच्या पुढे होते. चौघं एका रांगेत, मान खाली घालून, झपाझप वाळू तुडवत गावाकडे चालू लागले. पंधरा-वीस पावलं गेल्यावर बाबांच्या लक्षात आलं की एक माणूस कमी आहे. ते थांबले आणि मागे वळून ओरडले, "अहो, चला नं! भोंगा झाला!"

आईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढची लाट येत होती. तिच्यासाठी त्यांनी हात पसरले होते.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मी ओव्हरटाइम करून राहिली."